मानधनातले उपदान

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. अंगणवाडी सेविका 'मानसेवी' ठरल्या आणि त्यांचा पगार 'मानधन'! शब्द मानाचा खरा, पण निवृत्तीच्या दिवशी बाई रिकाम्या हाताने घरी. १९७२ च्या कायद्यात उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी होती : पाच वर्षे सलग नोकरी झाली, की दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन. गुजरातेत दाहोदच्या सेविकांनी तेच मागितले. सरकारपक्ष म्हणाला, काम अर्धवेळ. सर्वोच्च न्यायालयाने लहानग्यांचे शिक्षण, पोषण आहार, घरभेटी ही सारी कामे पाहिली. त्यांना अर्धवेळ म्हणायचे कसे? २५ एप्रिल २०२२ रोजी उपदानाचा हक्क मान्य झाला. गुरुजी, गावच्या सेविकाबाईंना एवढे सांगा : नेमणुकीचा कागद जपून ठेवा. वर्षे मोजताना तो कामी येतो.