किल्लीला अडकवायची छोटी बॅटरी : घेताना काय बघायचं?

शेतीपंपाची लाईट रात्री आली की मोटार चालू करायला अंधारातच बांधावरून जावं लागतं. मण्यार जातीचा विषारी साप रात्रीच फिरतो. मोबाईलच्या टॉर्चवर चार्जिंग संपलं, तर ऐन वेळी १०८ ला फोन कसा लावणार? म्हणून गाडीच्या किल्लीला छोटी बॅटरी असावी.

उजेड : ल्युमेनमध्ये मोजतात. पायवाटेला ५० ते १०० ल्युमेन पुरे. कमी-जास्त करायची सोय बघा. फुल उजेडावर चार्जिंग लवकर उतरतं.

चार्जिंग : टाइप-सी असेल तर मोबाईलचाच चार्जर चालतो. घरच्या लाईटचा भरवसा नसेल तर बारीक (एएए) सेलवाली घ्या. सेल मात्र बरेच महिने आत ठेवू नका, गळतो.

पाणी : आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सोसते. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकते.

बटण : खिशात आपोआप दाबलं जाईल असं नको. लॉक असलेलं किंवा डोकं फिरवून लागणारं बरं.

कडी : धातूची घ्या, प्लॅस्टिकची तुटते.

बॅटरी असली तरी पायात बूट आणि हातात काठी हवीच. साप चावलाच तर मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी दवाखाना गाठावा.