केदारनाथ : बर्फाने रचलेला बांध फुटेपर्यंत

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याहून केदारनाथच्या यात्रेला निघणाऱ्या माणसाच्या पायाखाली काळा बेसॉल्ट असतो. लाव्हा थंड होऊन घट्ट बसलेला हा खडक. केदारनाथची जमीन तशी नाही. ती बर्फाने वाहून आणलेल्या सैल दगडमातीची आहे. म्हणूनच जून २०१३ मध्ये तिथे काय घडले, याची सुरुवात पावसाच्या कितीतरी आधीपासून सांगावी लागते.

सुमारे ३० कोटी वर्षे आधी

तेव्हा आपला विदर्भही बर्फाखाली होता. पैनगंगेच्या खोऱ्यात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या इरई गावाजवळ चुनखडकावर त्या बर्फाचे ओरखडे सापडले. भूवैज्ञानिक फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. बर्फाचा थर पुरेसा जाड झाला की तो स्वतःच्या वजनाने उताराकडे सरकू लागतो. तळाशी वितळलेल्या पाण्यामुळे तो घसरतो आणि त्यात रुतलेले दगड कानशीने लोखंड घासावे तसा खालचा खडक घासत जातात. बर्फ वितळला की मोठे धोंडे, वाळू आणि चिखल, सारे एकत्रच मागे पडते.

काही हजार वर्षे आधी

केदारनाथच्या वर चोराबारी हिमनदी हेच काम करत आली. पुढे सरकताना तिने दोन्ही कडांना दगडमातीचे उंच बांध रचले. यांना हिमोढ म्हणतात. ती मागे हटली तसा तिच्यातून निघालेल्या प्रवाहांनी खाली गाळाचे मैदान पसरले. त्याच मैदानावर, मंदाकिनी आणि सरस्वती या दोन प्रवाहांच्या मध्ये केदारनाथ वसले. गावापासून सुमारे २ किलोमीटर वर, हिमोढाच्या आडोशाला चोराबारी ताल साचला. त्यालाच गांधी सरोवर म्हणतात. तो सुमारे ४०० मीटर लांब आणि २०० मीटर रुंद होता. त्याला अडवणारा बांध होता तो केवळ सुट्या दगडमातीचा.

१५ जून २०१३, सायंकाळी ५

जोरदार पाऊस सुरू होतो. यात्रेचा ऐन हंगाम आहे. धर्मशाळा भरलेल्या आहेत, महाराष्ट्रातूनही मोठ्या संख्येने भाविक आले आहेत.

१६ जून, पहाटे ५

हिमनदीजवळच्या, वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या हवामान केंद्रात गेल्या १२ तासांत २१० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आहे. वरच्या उतारांवरचा बर्फही या पावसाने वितळतो आहे आणि पाणी चोराबारी तालाकडे धावते आहे.

१६ जून, सायंकाळी ५

दिवसभरात आणखी ११५ मिलिमीटर पडला. २४ तासांत ३२५. त्याच दिवशी मान्सूनने संपूर्ण देश व्यापला, नेहमीपेक्षा जवळपास महिनाभर आधी.

१६ जून, सायंकाळी ५.१५

पहिला लोंढा येतो. फुगलेले प्रवाह उतारांवरचा हिमोढ खरवडून गावाच्या वरच्या भागात घुसतात. आदि शंकराचार्यांची समाधी वाहून जाते. यात्रामार्गावरचे रामबाडा नामशेष होते. अंधार पडतो. जे वाचले, ते उंच जागा आणि मंदिराचा आसरा शोधतात. तलाव मात्र अजून वर भरलेलाच आहे.

१७ जून, सकाळी ६.४५

भिजून कमकुवत झालेला बांध पाण्याच्या दाबापुढे टिकत नाही. तो फुटतो आणि ५ ते १० मिनिटांत तलाव रिकामा होतो. पाण्याबरोबर हिमनदीने इतक्या काळात साठवलेले धोंडे खाली येतात. मंदिरामागे एक प्रचंड शिळा अडकते, प्रवाह तिच्या दोन्ही बाजूंनी फाटतो आणि मंदिर उभे राहते. भोवतालचे गाव दगडांखाली जाते.

त्यानंतर

उत्तराखंडच्या त्या आपत्तीत पाच हजारांहून अधिक माणसे मृत किंवा बेपत्ता झाली. कित्येक मराठी घरांनी आपल्या माणसांची फोटोसह चौकशी केली, पण ती परतली नाहीत.

हिमनदीला दोष देण्यात अर्थ नाही. दरी खोदणे, दगड वाहणे, बांध रचणे हा तिचा स्वभाव आहे, आणि हा स्वभाव भूविज्ञानाला दीडशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. पहिल्या लोंढ्यापासून तलाव फुटेपर्यंत साडेतेरा तास होते. पावसाचा आकडा वर नोंदला जात होता, पण त्यावरून खालच्या माणसांना वेळेत सावध करणारी यंत्रणा नव्हती. हिमालयात असे तलाव आजही आहेत. त्यांच्या पातळीवर सतत नजर हवी, पावसाचे आकडे त्याच क्षणी खाली कळायला हवेत, भोंगा वाजला की कोणत्या वाटेने वर चढायचे हे प्रत्येक यात्रेकरूला आधी सांगितलेले हवे. जुन्या प्रवाहांच्या पात्रात धर्मशाळा बांधू नयेत. विदर्भातून निघणाऱ्या प्रत्येक भाविकाचा हा हक्क आहे, आणि तो मागायला आपत्तीची वाट पाहण्याचे कारण नाही.