कुंडीपुराण

आपलं नाव मागं राहावं म्हणून माणूस काय काय करतो! कुणी देऊळ बांधतो, कुणी आत्मचरित्र लिहितो (आणि ते आपल्याला भेट देतो). पण युजेन पूबेल या फ्रेंच गृहस्थाइतकं चोख अमरत्व फार थोड्यांच्या वाट्याला आलं असेल. मूळचा हा कायद्याचा प्राध्यापक. १८८३ साली पॅरिसचा कारभार त्याच्या हाती आला. तोवर तिथं घरचा केर सरळ रस्त्यावर ओतायची चाल होती. यानं हुकूम काढला की प्रत्येक घरमालकानं भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे ठेवावेत. पॅरिसकरांनी सूड म्हणून त्या डब्यालाच पूबेल म्हणायला सुरुवात केली. आजही फ्रेंच भाषेत कचऱ्याचा डबा म्हणजे पूबेल! आपल्याकडे साहेबांचं नाव फार तर चौकाला देतात.

पण प्राध्यापक तो प्राध्यापक. नुसत्या डब्यावर भागेना. त्यानं तीन डबे सांगितले: एक नासणाऱ्या केराचा, दुसरा कागद नि चिंध्यांचा, तिसरा काचा, फुटकी भांडी आणि कालवांच्या शिंपल्यांचा. लोकांनी डबे ठेवले, निवडणं तेवढं सोडून दिलं. आपल्या देशात २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले, तेव्हा पूबेलच्या डब्यांना १३२ वर्षं झाली होती. आम्हीही परंपरेला जागून निवडणं सोडून दिलं.

कारण आम्ही पुणेकर कुंडीच्या संस्कारात वाढलेले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कुंडी होती. पाहुण्यांना पत्ता सांगायचा तो, "कुंडीपाशी डावीकडे वळा, नाक सांगेल तिकडे." लांबून पिशवी भिरकावायची. ती कुंडीत पडली तर आपला नेम, बाहेर पडली तर महापालिकेचा गलथानपणा!

कुंडीतलं पुढं कुठं जातं, हे विचारायची पद्धत नव्हती. जायचं ते 'गावाबाहेर', म्हणजे कोथरूडला. मग कोथरूडच गावात आलं. तिथल्या कचरा डेपोच्या जागी आता मेट्रोचा डेपो आहे. डबे आहेतच, फक्त त्यांतून माणसं हिंडतात. कचरा गेला उरुळी देवाचीला. शहर वाढत वाढत २०१७ साली उरुळी-फुरसुंगीही हद्दीत आली आणि आपण बाहेर टाकलेला कचरा आपल्याच घरात निघाला. २०२४ साली त्या गावांची वेगळी नगरपरिषद झाली. शहर वाढलं की 'बाहेर' नावाची जागा शिल्लक राहत नाही, हे समजायला आपल्याला एवढा प्रवास करावा लागला.

या सगळ्या काळात कचरा निवडत कोण होतं? पॅरिसमध्ये पूबेलवर सर्वांत जास्त चिडले ते चिंध्या वेचणारे. रस्त्यावरच्या त्या ढिगावरच त्यांचं पोट होतं. पुण्यात हे काम बायका करीत, पाठीवर पोतं घेऊन. १९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या पुढाकारानं त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. पुढं त्यांच्या ओळखपत्रांना महापालिकेची मान्यता मिळाली. २००८ साली त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार केला. बायका कुंडीतून उठून दारात आल्या. कुंड्या हळूहळू हलल्या.

आमचीही हलली. दारात ताई येऊ लागल्या. घरात हिरवी नि निळी अशा दोन बादल्या आल्या, आणि मी अंधारात जी हाताला लागेल तिच्यात टाकू लागलो. एका रात्री माझ्या हातून काचेचा पेला फुटला. कोण उजेड करणार? काचा गेल्या भाजीच्या देठांत.

दुसऱ्या दिवशी ताईंच्या बोटाला फडकं बांधलेलं. मी चौकशी केली, अगदी आपुलकीनं. त्या म्हणाल्या, "काही नाही हो काका, वल्ल्यात काच हुती. कागदात बांधून येगळी देत जा, येवढंच."

एवढंच! मोठ्यानं बोलल्या असत्या तर मला भांडता तरी आलं असतं.

आता बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा मी तिसरा म्हणून ठेवला आहे. काच, ब्लेड, गोळ्यांची पाकिटं त्यात. भरला की कागदात बांधून ताईंच्या हातात देतो. घरात त्या डब्याला आम्ही प्राध्यापक म्हणतो.