जान पहचान हो (चित्रपटगीत)

'जान पहचान हो' हे 'गुमनाम' (१९६५) या हिंदी चित्रपटातील गीत आहे. चित्रपटाचे दिग्दर्शक राजा नवाथे, गीतकार शैलेंद्र, संगीतकार शंकर-जयकिशन आणि गायक मोहम्मद रफी होत.

स्वरूप
पडद्यावर 'टेड लायन्स अँड हिज कब्स' हा वाद्यवृंद आणि नर्तिका लक्ष्मी छाया दिसतात. गायकाची भूमिका नृत्यदिग्दर्शक हर्मन बेंजामिन यांनी केली आहे. नर्तकांनी डोळ्यांवर काळे मुखवटे लावले आहेत.

समकालीन संदर्भ
त्याच काळात फ्रान्समध्ये तरुणांच्या पॉप गाण्यांची लाट आली होती. इंग्रजी गाण्यांतील 'ये, ये' या उद्गारावरून तिला 'ये-ये' म्हणत. समाजशास्त्रज्ञ एदगार मोरँ यांच्या १९६३ मधील लेखनामुळे हे नाव रूढ झाले. फ्रान्स्वाज आर्दी (जन्म १९४४) हिच्यासारखे तरुण तेथे स्वतःच्या आवाजात, क्वचित स्वतःच रचलेली गाणी गात. हिंदी चित्रपटात मात्र पार्श्वगायनाच्या प्रथेमुळे चेहरे तरुणांचे, तर आवाज चाळिशीतील रफींचा होता.

नंतरची प्रसिद्धी
'घोस्ट वर्ल्ड' (२००१) या अमेरिकन चित्रपटाच्या आरंभी हे दृश्य वापरल्याने गीत पाश्चात्त्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. लक्ष्मी छाया यांचे २००४ साली निधन झाले.