चिमणीएवढ्या पक्ष्याची ओळख

रायगडच्या किनारपट्टीवर भाताची मळणी उरकली की खळ्यावर, पेंढ्याच्या उडवीभोवती आणि दारी टांगलेल्या लोंब्यांवर तपकिरी पाखरांचे थवे उतरतात. त्यांना सरसकट ‘चिमण्या’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी त्यांत चिमणी, पिवळ्या गळ्याची चिमणी, सुगरण, ठिपकेवाली मनोली आणि रोझफिंच अशा पाच जातींचे पक्षी असू शकतात.

रंगाची मर्यादा. याच किनाऱ्यावरील किहीम येथे १९३० मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी सुगरणींच्या वसाहतीचे निरीक्षण केले. नर घरटे अर्धे विणतो, मादीने ते पसंत केले की पुरे करतो आणि मग दुसरे विणायला घेतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्या विणीच्या काळात नराची पिवळी टोपी लांबूनही ओळखू येते. पावसाळा सरल्यावर मात्र ही पिसे गळतात आणि नर मादीसारखाच मातकट दिसू लागतो. म्हणून हिवाळ्यात रंगाआधी ठेवण पाहावी.

निरीक्षणाचा क्रम. प्रथम आकार व चोच. मनोली जेमतेम ११ सेंटिमीटर भरते. बाकीच्या चौघी १४–१५ सेंटिमीटरच्या. मनोलीची चोच जाड व त्रिकोणी असते. कोवळ्या मनोलीच्या अंगावर खवल्यांसारखी नक्षी नसते, तेव्हा हाच निकष उपयोगी पडतो. सुगरणीची चोच भक्कम, तर पिवळ्या गळ्याच्या चिमणीची तुलनेने सडपातळ.

नंतर पाठ. चिमणी व सुगरण यांच्या पाठीवर गडद रेघा असतात. पिवळ्या गळ्याच्या चिमणीची पाठ रेघांविना, करडी-तपकिरी.

तिसरी छाती. रोझफिंच हा हिवाळी पाहुणा. त्याच्या मादीच्या छातीवर स्पष्ट रेघा असतात, पण चिमणीच्या मादीसारखी फिकट भुवई नसते.

शेवटी पंख व शेपूट. पिवळ्या गळ्याच्या चिमणीच्या पंखावर दोन पांढुरके पट्टे दिसतात. रोझफिंचच्या मादीच्या पंखावरही फिकट पट्टे असतात, पण छातीवरच्या रेघा आणि टोकाला खाचलेली शेपूट यांमुळे ती वेगळी पडते. सुगरणीची शेपूट आखूड.

निर्णयाचा नियम. एकाच खुणेवर निर्णय देऊ नये. पिवळ्या गळ्याच्या चिमणीचा गळ्यावरचा ठिपका मादीत फिका असतो आणि दाणे टिपताना मान खाली गेली की झाकला जातो. ठिपका दिसला नाही, एवढ्यावरून ती जात बाद होत नाही. रेघांविना पाठ आणि पंखावरचे पट्टे मिळून तिची साक्ष देतात. लहानपणी सालिम अलींना कोड्यात टाकणारा पक्षी याच जातीचा होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मिलार्ड यांनी तो ओळखला आणि संग्रहातील पेंढा भरलेले पक्षी त्या मुलाला दाखवले. घरच्या निरीक्षकाजवळ असा संग्रह नसतो. त्याने पाचही जातींच्या खुणा शेजारी-शेजारी मांडाव्यात, न जुळणाऱ्या जाती एकेक करून वगळाव्यात आणि दोन उरल्या तर वहीत दोन्ही नावे लिहावीत.