शेवटचं वळण

२२ फेब्रुवारी १९४३. पॅन अमेरिकन कंपनीच्या ‘यँकी क्लिपर’ या विमानानं अटलांटिक ओलांडला, पण लिस्बनच्या नदीवर ते धड उतरलं नाही. त्या संध्याकाळच्या आधीचा आणि नंतरचा हा घटनाक्रम.

३ मार्च १९३९, वॉशिंग्टन : राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट सात समुद्रांच्या पाण्यानं भरलेली बाटली फोडून विमानाचं नामकरण करतात. बोइंग ३१४ जातीचं हे विमान. चार इंजिनं, पोट होडीसारखं, पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १५२ फूट.

२८ जून १९३९ : ‘डिक्सी क्लिपर’ हे त्याचं भावंड प्रवासी घेऊन अमेरिकेहून लिस्बनला निघतं. कॅप्टन आहेत आर. ओ. डी. सलिवन. पावणेचार वर्षांनी ‘यँकी क्लिपर’ही त्यांच्याच हाती असणार आहे.

२१ फेब्रुवारी १९४३, न्यूयॉर्क : लाग्वार्डियाच्या पाण्यावरून उड्डाण. विमानात २७ प्रवासी, १२ कर्मचारी. सैनिकांची करमणूक करायला निघालेल्या गायिका जेन फ्रोमन आणि टॅमरा ड्रेसिन. वार्ताहर बेन रॉबर्टसन. १९२८च्या ऑलिम्पिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवलेले फ्रँक कुहेल.

दरम्यान : पहिला थांबा बर्म्युडा, दुसरा अझोर्स बेटांवरचं होर्टा. युरोपात युद्ध पेटलेलं असलं तरी पोर्तुगाल तटस्थ आहे. म्हणून लिस्बनचा दरवाजा उघडा.

२२ फेब्रुवारी, शेवटचा टप्पा : फ्रोमन आणि ड्रेसिन आपापसांत जागा बदलतात.

संध्याकाळ, लिस्बन : टेगस नदीवर अंधार उतरतोय. विमान खाली येत डावीकडे वळतं. वळताना पंख कलतो. या विमानाचा पंख ३० अंश कलला, की त्याचं टोक मधल्या धडापेक्षा सुमारे ३८ फूट खाली जातं. अंधुक उजेडात पाण्यावरून उंचीचा अंदाज घेणंही अवघड.

६ वाजून ४७ मिनिटं (ग्रिनिच वेळ) : डाव्या पंखाचं टोक पाण्यात रुततं. विमान नदीवर आदळतं.

त्यानंतर : थंड पाण्यात माणसं तरंगत्या अवशेषांना धरून आहेत. फ्रोमनचा पाय चेंदामेंदा झालाय. पाठीचा कणा मोडलेला असूनही वैमानिक जॉन बर्न तिला बुडू देत नाही. विमान नदीच्या पोटात जातं.

रात्र : हिशेब लागतो. ३९ पैकी १५ वाचले, २४ गेले. ड्रेसिन, रॉबर्टसन, कुहेल गेलेल्यांत आहेत. सलिवन वाचलेत.

१९४५ : फ्रोमन कुबड्या घेऊन युरोपात परत येते आणि सैनिकांसमोर गाते.

१९४८ : फ्रोमन आणि बर्न यांचं लग्न.

अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक मंडळानं चौकशी केली. निष्कर्ष एका वाक्याचा : उतरण्याच्या तयारीत खाली येत वळताना डाव्या पंखाचं टोक अनवधानानं पाण्याला लागलं.