खाडाखोडीचा फोटो

मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडचं एखादं जुनं खरेदीखत घ्या. रकमेतल्या २ ला खालून एक वळसा दिला की त्याचा ३ होतो. शाई काळीला काळी जुळली, तर नुसत्या डोळ्यांना पत्ता लागत नाही. अशा वेळी कागद हस्ताक्षरतज्ज्ञाकडे जातो आणि तो आधी कॅमेरा काढतो.

कॅमेरा पोलिसांत आला तो माणसांच्या चेहऱ्यांसाठी. गुन्हेगारांचे समोरून आणि बाजूने फोटो काढायची शिस्त लावणारा पॅरिसचा बर्तियों १८९४ साली हेरगिरीच्या ड्रायफस प्रकरणात हस्ताक्षरावर मत द्यायला गेला आणि साफ चुकला. इकडे बंगाल सरकारने १९०४ मध्ये कलकत्त्यात चार्ल्स हार्डलेस यांना हस्ताक्षरतज्ज्ञ नेमलं. दोन वर्षांत त्यांची कचेरी शिमल्याला गेली.

कागद तपासताना नुसता फोटो मोठा करून भागत नाही, उजेड कुठला हेही पाहावं लागतं. उजेडाचे प्रकार थोडेच, पण नामी. तिरपा उजेड टाकला की खोडलेल्या जागी उचकटलेले कागदाचे धागे सावली पाडतात. मागून उजेड दिला की घासून पातळ झालेली जागा उजळते. औषधाने पुसलेली शाई अतिनील प्रकाशात पुष्कळदा गडद होऊन वर येते. खरी गंमत अवरक्त किरणांची. काजळीची शाई त्यांतही काळीच राहते, लोहाची शाई फिकी पडते आणि रंजकांपासून केलेल्या कितीतरी शाया दिसेनाशाच होतात. वरच्या खरेदीखतातला मूळ २ काजळीचा आणि वळसा अशा दिसेनाशा होणाऱ्या शाईचा असेल, तर फोटोत पुन्हा २ उरतो.

एवढं असूनही कागद तपासणाऱ्या तज्ज्ञांवर कायद्याचा भरवसा सावकाशच बसला. बालाघाटला लागूनच सिवनी. तिथल्या दारूभट्टीच्या ठेक्यावरून अबकारी आयुक्त हणमंत गोविंद नरगुंदकर यांच्यावर खटला झाला. (१९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी नागपूर, त्यामुळे प्रकरण अस्सल नागपुरी.) नोव्हेंबर १९४६ ची तारीख असलेलं एक पत्र मागाहून टाइप केलंय, कारण ते टंकयंत्र १९४६ संपता संपताच नागपुरात आलं, असा सरकार पक्षाचा दावा होता. तज्ज्ञांनी यंत्र ओळखलं. पण सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये तो पुरावाच धरला नाही: तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या, तज्ज्ञांच्या मताबाबतच्या कलम ४५ मध्ये हस्ताक्षर आहे, टंकयंत्र नाही! नरगुंदकर सुटले. पुरावाच एकूण तोकडा होता, सुटका रास्तच. पण कलमाचा तो अर्थ मला कोता वाटतो. यंत्राची वाकडी अक्षरं ओळखणं हे हस्ताक्षर ओळखण्याहून अवघड नाही.

ती चूक दुरुस्त व्हायला १९९६ उजाडलं. त्याच न्यायालयाने मग सांगितलं, की कलमातल्या ‘विज्ञान’ या शब्दात टंकयंत्राची तपासणीही बसते.